गाडी गार असताना साठच्या वेगाला थरथरते, पाच-सहा किलोमीटरनंतर एकदम गुळगुळीत. शोध कुठून सुरू करू?

पहाटफेरी

जरा पाल्हाळ होणार आहे. पण अर्धवट लिहिलं की "माउंटिंग (इंजिन ज्यांवर बसतं ती रबरं) बदलून टाका" एवढंच उत्तर येतं, म्हणून सगळंच लिहिते.

गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, पाच गिअरची मॅन्युअल, पोर्ट इंजेक्शन (प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी एक इंजेक्टर पेट्रोल फवारतो). टायर १८५/६५ आर१५. मीटर नव्वद हजाराच्या आसपास. माझी पाळी पहाटेची, त्यामुळे रात्रभर उभी असलेली गाडी थेट मोठ्या रस्त्याला लागते.

सेल मारला की पहिल्या फटक्यात सुरू होते. आरपीएम बाराशेवर जाऊन मिनिटभरात खाली उतरतो. जागेवर उभी असताना काहीही जाणवत नाही. चाळीसपर्यंतही ठीक. पन्नास ओलांडले आणि चौथा टाकला की सीटखालून थरथर सुरू होते, स्टेअरिंगलाही थोडी येते. चढावर पाय दाबला की ती वाढते आणि तिचा पोतही बदलतो: थरथरीत मधूनच धड-धड मिसळते. तापमानाचा काटा मध्यावर येऊन स्थिरावला, त्यानंतर आणखी थोडं अंतर गेलं की सगळं बंद. मग दिवसभर शंभरने पळवा, तक्रार नाही. रात्री उभी केली की दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच.

चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. प्लग नवे आहेत. चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं, फरक शून्य. गॅरेजमध्ये नेते तोवर गाडी तापलेली असते. तिथला माणूस चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "ताई, गाडी तर मस्त चालतेय." आता तो तिन्ही माउंटिंग बदलायला सांगतोय. बदलायला माझी हरकत नाही, पण का बदलायची हे कुणीतरी सांगा. अंदाजाने सुटे भाग बदलत जायचं नाहीये.

दहाअकरापाना

माउंटिंगच. गार रबर कडक असतं, त्यामुळे इंजिनाचा हादरा बॉडीत येतो. तापलं की नरम पडतं. नव्वद हजाराला गेलेलीच असतात. डोळे झाकून बदला.

पंपवाला

डोळे झाकू नका, उघडेच ठेवा.

रबराबद्दल दहाअकरापाना म्हणतात ते खरं आहे. पण माउंटिंग गेलेलं असेल तर त्याचा त्रास गाडी जागेवर उभी असतानाही दिसतो. आयडलिंगला सीट बडबडते, आरपीएमच्या एका ठरावीक पट्ट्यात आरसा थरथरतो, क्लच सोडताना इंजिन धक्का देतं. ताई स्पष्ट लिहितायत की उभ्या गाडीत काहीच नाही, आणि चाळीसपर्यंतही नाही. माउंटिंगला गाडीचा वेग कळत नाही, त्याला फक्त इंजिनाचा आरपीएम आणि जोर कळतो. म्हणून माझ्या यादीत ते शेवटी.

माझं काम कारखान्यातले पंप आणि पंखे का थरथरतात ते शोधण्याचं. तिथे पहिला प्रश्न कधीच "कुठला भाग गेला?" असा नसतो. "ही थरथर कशाच्या फेऱ्यांशी बांधलेली आहे?" हा असतो. ते कळलं की निम्मी मशीन आपोआप यादीतून बाहेर पडते. तुमच्या गाडीत त्याच्याही आधी एक प्रश्न आहे, आणि तो कुणी विचारलेला दिसत नाही.

सगळे "इंजिन गार असताना" म्हणतायत. पण पहाटे गार काय फक्त इंजिन असतं? टायर गार असतात. गिअरबॉक्समधलं तेल गार आणि घट्ट असतं. ड्राइव्हशाफ्टच्या जॉइंटमधलं ग्रीस गार असतं. ब्रेकच्या डिस्कवर रात्रीच्या दमटपणाने गंजाचा पातळ थर आलेला असतो. सायलेन्सर टांगणारी रबरं कडक असतात, आणि पाइप तापून लांब झाल्यावर तो बॉडीला टेकतो की सुटतो हेही बदलतं. ही सगळी मंडळी एकाच पाच-सहा किलोमीटरमध्ये ताळ्यावर येतात. डॅशबोर्डवर काटा मात्र एकट्या इंजिनाचा, म्हणून दोषही त्याच्याच नावावर चढतो.

तर पहिली परीक्षा, हिला एक पैसा लागत नाही. पहाटे गाडी सुरू करा आणि हलवू नका. काटा मध्यावर येऊन पंखा एकदा फिरेपर्यंत जागेवर चालू द्या. हे उघड्यावरच करायचं. बंद शेडमध्ये अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आता इंजिन गरम आहे आणि टायर रात्रीइतकेच गार. मग नेहमीचा रस्ता, नेहमीचा वेग.

थरथर पूर्ण गेली, तर चोर इंजिनात. जशीच्या तशी राहिली, तर इंजिन निर्दोष, चाकांकडे या. एकदाच करायची परीक्षा आहे ही. रोज इंजिन असं उभ्याने तापवायची सवय लावून घेऊ नका, त्यात पेट्रोल फुकट जातं आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतलं जातं.

दुसरी परीक्षा नेहमीप्रमाणे गार गाडीवर. थरथर चालू असताना, मागेपुढे कुणी नसेल तेव्हा, तोच वेग ठेवून चौथ्यातून तिसऱ्यात या. वेग साठ म्हणजे चाकांच्या फेऱ्या त्याच, पण इंजिनाच्या वाढल्या. थरथरीचा ठेका तोच राहिला तर ती चाकाची. ठेका जलद झाला तर इंजिनाची. मग क्लच दाबून गाडी दोन-चार सेकंद नुसती वाहू द्या. त्या क्षणी जे बंद पडतं ते इंजिनाच्या जोराचं, जे चालू राहतं ते चाकांचं. चावी बंद करायची नाही, नाहीतर स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतील.

एवढं करून इथे लिहा. तोपर्यंत काहीही विकत घेऊ नका.

दहाअकरापाना

पंपवाले, एवढं सगळं करण्यापेक्षा माउंटिंग स्वस्त पडतात हो.

पंपवाला

लागली तर. नाही लागली तर महाग.

डिझेलदादा

डिझेलवाल्यांसाठी एक जोड, कारण हा धागा शोधत तेही इथे येतील. गार डिझेल सुरू होताच धडधडतं, मागून पांढरा धूर येतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत सुधारतं, तर आधी ग्लो प्लग (गार सिलिंडर तापवणारे) तपासा. चारपैकी एक मेला तरी गाडी सुरू होते, पण तो सिलिंडर गरम होईपर्यंत पेटत नाही. वायर काढून मल्टिमीटर लावा. चांगल्या प्लगचा रेझिस्टन्स जेमतेम एखादा ओहम असतो. सर्किट उघडं दाखवलं तर प्लग गेला. ताईंची पेट्रोल आहे, त्यांना याचा उपयोग नाही.

पहाटफेरी

दोन्ही परीक्षा केल्या. उत्तर काही सरळ आलं नाही.

इंजिन उभ्याने तापवून निघाले, तर थरथर कमी झाली पण गेली नाही. सीटखालची जशीच्या तशी होती. ती मधली धड-धड मात्र गायब, चढावरही आली नाही.

दुसऱ्या पहाटे गार गाडीवर गिअरची परीक्षा. तिसऱ्यात टाकल्यावर नक्की काय बदललं ते मला हातापायांना सांगता येईना. काहीतरी जलद झालं, काहीतरी तसंच राहिलं. क्लच दाबल्यावर थरथर हलकी झाली, पण संपली नाही.

आता हे इंजिन की चाक?

पंपवाला

दोन्ही.

इंजिन तापवल्यावर एक गोष्ट गेली आणि एक राहिली. क्लच दाबल्यावरही एक गेली, एक राहिली. म्हणजे तुमच्या गाडीत दोन वेगळ्या थरथरी आहेत आणि दोन्ही पहिल्या काही किलोमीटरमध्येच विरतात, म्हणून एकच वाटतात. बॅलन्सिंगने फरक पडला नाही, प्लगने पडला नाही, हे त्यामुळेच. एक बाजू थोडी सुधारली असती तरी दुसरीच्या गलक्यात कळलं नसतं.

हातापायांना सांगता येत नसेल तर फोनला विचारा. फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हादरे मोजणारा सेन्सर असतो. थरथरीचा स्पेक्ट्रम (सेकंदाला किती ठेक्यांची थरथर किती जोराची, तो आलेख) दाखवणारी फुकट ॲप मिळतात, त्यातलं कुठलंही घ्या. फोन डॅशबोर्डच्या होल्डरमध्ये ठेवू नका, होल्डर स्वतःच नाचतो. पुढच्या सीटच्या रुळावर, धातूवर, चिकटपट्टीने घट्ट बसवा. ॲपकडे बघायला शेजारी दुसरं माणूस हवं. तुम्ही फक्त रस्ता बघा.

आता काय दिसायला हवं ते आधीच मांडून ठेवतो, म्हणजे आकडा आला की ओळखता येईल.

तुमच्या टायरचा व्यास साधारण ६२ सेंटीमीटर. वजनाखाली थोडा दबतो, म्हणून एका फेरीत गाडी सुमारे १.९ मीटर पुढे जाते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. भागा: सेकंदाला पावणेनऊ फेऱ्या. चाकाचा दोष पावणेनऊ ते नऊ हर्ट्झला दिसणार, गिअर कुठलाही असो.

इंजिन: साठला चौथ्यात तुमचा काटा किती दाखवतो? दोन हजार धरतो. म्हणजे सेकंदाला ३३ फेऱ्या. फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. चारही नीट पेटत असतील तर सेकंदाला ६७ धक्के, ते इतके जलद आणि सारखे की जाणवत नाहीत. पण एकच सिलिंडर मिसिंग करत असेल, म्हणजे पेटायचं चुकवत असेल, तर दोन फेऱ्यांत एक धक्का गळतो. ते झालं साडेसोळा-सतराला. तुमची धड-धड बहुधा तीच.

इथे एक खोच आहे. चाकाचा दोष एकट्या नऊला दिसत नाही, त्याच्या दुप्पटीलाही एक सुळका असतो, म्हणजे साडेसतराला. आणि मिसिंग आहे साडेसोळा-सतराला. चौथ्या गिअरमध्ये साठला दोन्ही एकमेकांच्या अंगावर बसतात! तिथे बघून कुणी ठामपणे काही सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. म्हणून मोजणी तिसऱ्यातच करा. तिसऱ्यात आरपीएम २७०० च्या आसपास जाईल, मिसिंगचा सुळका साडेबावीसला सरकेल आणि चाकाचे दोन्ही जागचे हलणार नाहीत.

गिअरलीव्हर

मधेच विचारतो, माफ करा. माझी ऑटोमॅटिक आहे, टॉर्क कन्व्हर्टरवाली. पन्नास-साठला हलका पाय ठेवला की रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी गुरगुर येते. पण माझी गाडी तापल्यावर येते, गार असताना नाही. हाच प्रकार का?

पंपवाला

उलटा प्रकार. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये तेल गार असताना संगणक टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा आतला क्लच) लागूच देत नाही. तेल तापल्यावर लागतं, तेव्हा क्लच घसरत घसरत पकडत असेल तर अशी गुरगुर येते. ती चालू असताना वेग न बदलता डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करून बघा, फक्त दिवा लागेल इतकाच. लॉक-अप सुटून गुरगुर त्याच क्षणी थांबली तर खूण पटली. मग गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच जातीचं तेल बदलून घ्या, आधी तेवढंच. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे ताईंचं हरवेल.

पहाटफेरी

मोजलं. शेजारी बहीण बसली होती, तिने स्क्रीनचे फोटो काढून ठेवले.

तिसऱ्यात, गार गाडी, साठ: एक सुळका ८.८ ला, एक बारका १७.५ ला, आणि एक २२ ते २३ च्या मधे. हा शेवटचा चढावर उंच होतो, क्लच दाबला की गायब. तुम्ही मांडलं होतं तसंच. बहीण म्हणते, हा माणूस मागच्या सीटवर बसला होता का?

गाडी तापल्यावर तिन्ही गेले. म्हणजे १७.५ चा गेला आणि ८.८ चा अगदी किंचित उरलाय, तो मला जाणवत नाही.

पंपवाला

सुंदर. आता दोन वेगळे धागे समजून चालू.

चाक. पहिल्या काही किलोमीटरमध्ये विरणारी, चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेली थरथर म्हणजे बहुतेक वेळा टायरचा सपाट डाग. दिवसभर पळून तापलेले टायर रात्री एकाच जागी वजन घेऊन गार होतात. जमिनीला टेकलेला भाग तसाच सपाट बसतो, कारण आतला नायलॉनचा पट्टा गरम असताना ताणलेला असतो आणि गार होताना आहे त्या आकारात गोठतो. पुन्हा तापला की गोल. बॅलन्सिंगच्या मशीनवर हे सापडत नाही. गॅरेजपर्यंत गेलेला टायर गोल झालेला असतो, आणि मशीन वजनाचा समतोल मोजतं, आकार नाही. हवा कमी असेल तर डाग मोठा पडतो, म्हणून आधी दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. तीही टायर गार असतानाच मोजायची.

पक्की खात्री करायची असेल तर एक रात्र गाडी चारही बाजूंनी स्टँडवर ठेवा, चाकं जमिनीपासून सुटी. स्टँडवर म्हणतोय, जॅकवर नाही. जमीन सपाट आणि टणक हवी, आणि गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच टेकू द्यायचा. स्वतः करणं अवघड वाटलं तर सोडून द्या, हवा भरून फरक पडतोय का तेवढं बघा. स्टँडवरून उतरवलेली गाडी पहाटे साठला गुळगुळीत गेली तर टायरचा प्रश्न मिटला. त्यावर उपाय फारसा करायचा नसतो. फुगा, चीर, एकीकडची झीज नसेल आणि थरथर दहा किलोमीटरच्या आत विरत असेल, तर मी तरी त्यासाठी नवे टायर घेणार नाही.

इंजिन. हे महत्त्वाचं, आणि हे लांबवू नका. जो सिलिंडर पेटत नाही त्याचं कच्चं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन जळतं आणि त्याचा जाळीदार गाभा वितळवतं. दिवा लागला नाही म्हणजे मिसिंग नाही असं नसतं. संगणक क्रँकशाफ्टच्या गतीतली घट मोजून मिसिंग मोजत असतो, फक्त मर्यादा ओलांडेपर्यंत दिवा लावत नाही. दिवा लुकलुकायला लागला तर लगेच पाय सोडायचा.

गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारा साधा ओबीडी-२ चा ब्लूटूथ अडॅप्टर घ्या किंवा कुणाकडून मागून आणा. ॲपमध्ये "मोड ०६" शोधा. तिथे बऱ्याच गाड्यांमध्ये प्रत्येक सिलिंडरची मिसिंगची मोजणी वेगवेगळी दिसते, दिवा न लागताही. गार फेरी मारा, थांबा, वाचा. शिवाय सेल मारण्याआधी, फक्त चावी ऑन करून, कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. कूलंटचा सेन्सर खोटं बोलून गारठ्यातही "मी कोमट आहे" म्हणत असेल, तर संगणक पेट्रोल कमी सोडतो आणि गार इंजिन अडखळतं. पण मग चारही सिलिंडर अडखळतील, एक नाही.

दहाअकरापाना

ठीक आहे, माउंटिंग मागे घेतो. पण एक सिलिंडर म्हणजे इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरना हवा नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट असणार. गार असताना आकसतं, हवा खेचतं, तापल्यावर फुगून बसतं. हे मी स्वतः पाहिलंय.

पंपवाला

पाहिलं असेल, होतंच तसं. पण त्याचा त्रास आयडलिंगला सगळ्यात जास्त दिसतो, कारण तेव्हा मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम खूप जोरदार. पाय दाबला, थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम पडतो, आणि फटीतून शिरणारी हवा एकूण हवेच्या मानाने नगण्य होते. इथे उलटं चाललंय: जागेवर स्वच्छ, जोरावर मिसिंग. जोरावरची मिसिंग म्हणजे ठिणगी कमी पडतेय किंवा पेट्रोल कमी पडतेय. तरी फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा) बघायला काही लागत नाही. गार आयडलिंगला अधिक पंधरा-वीस टक्के आणि तापल्यावर शून्याजवळ आलं तर तुमचं गॅस्केट खरं.

ताई, मोजणीत एकच सिलिंडर पुढे आला तर पुढची पायरी फक्त अदलाबदलीची. आधी त्याची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) शेजारच्या सिलिंडरवर लावा आणि शेजारची त्याच्यावर. दुसऱ्या पहाटे गार फेरी. मिसिंग कॉइलबरोबर गेली तर कॉइल. नाही गेली तर तसंच प्लगचं. नवा प्लग आहे म्हणून त्याला सूट नाही, बसवताना पोर्सेलिनला बारीक तडा गेलेला असू शकतो. एका वेळी एकच वस्तू हलवायची. दोन हलवल्या की उत्तर हरवलं. आणि कूलंटच्या टाकीवर पेनने रेघ मारून ठेवा. पातळी उतरत असेल, पहाटे सुरू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये झिरपतंय का ते बघावं लागेल. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, कारण ते सुरू होताच पहिल्या काही सेकंदांत धडधडतं.

पहाटफेरी

बराच वेळ घेतला, कारण प्रत्येक बदलानंतर गाडी रात्रभर गार व्हावी लागते. घाई करायला जागाच नाही यात.

हवा: चारही टायरमध्ये स्टिकरपेक्षा पाच-सहा पीएसआय कमी होती. भरली. ८.८ चा सुळका निम्म्यावर आला. स्टँडचा प्रयोग मी केला नाही, भीती वाटली. पण पहाटे सीटखाली आता जेमतेम कळतं, आणि मागितलं होतं त्यापेक्षा हे जास्त आहे.

मोड ०६: पहिला, दुसरा, चौथा शून्याच्या आसपास, तिसरा चांगला फुगलेला. तापमानाचे दोन्ही आकडे सेल मारण्याआधी सारखे. फ्युएल ट्रिम गार आणि गरम दोन्हीकडे साधारण चार-पाच टक्के, उडी नाही. कूलंट रेघेवर.

कॉइल तिसऱ्याची दुसऱ्यावर: मिसिंग तिसऱ्यालाच. प्लग: तरीही तिसऱ्यालाच. गॅरेजवाला आता उत्सुक झालाय. सुरुवातीला हसत होता, परवा त्याने स्वतःहून विचारलं, "ताई, आज कुठला?"

आता इंजेक्टर का?

पंपवाला

हो. तिसऱ्याचा इंजेक्टर पुरेसं पेट्रोल सोडत नाही, असं दिसतंय. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बराचसा भाग भिंतींवर ओला चिकटतो, म्हणून संगणक मुद्दाम जास्त सोडतो. अर्धवट चोंदलेला इंजेक्टर नेमका तेव्हा उघडा पडतो. तापल्यावर तेवढंच कमी पेट्रोल चालून जातं, म्हणून गाडी सुधारते. ट्रिममध्ये का दिसलं नाही? सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर चारही सिलिंडरचा एकत्र धूर हुंगतो. एकाची तूट चारांत वाटली की ती चार-पाच टक्केच दिसते.

अजून एक शक्यता उरते, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर साठलेला कार्बन. तो स्पंजासारखा गार पेट्रोल शोषून घेतो आणि तापला की सोडतो. दोन्हींचं लक्षण जवळजवळ एकच. फरक अदलाबदलीनेच कळेल: तिसऱ्याचा इंजेक्टर दुसऱ्यावर. मिसिंग त्याच्याबरोबर गेली तर इंजेक्टर, तिसऱ्यालाच राहिली तर व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन.

हे काम मात्र गॅरेजमध्येच करून घ्या. रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, पेट्रोल दाबाखाली असतं. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, दाब उतरवायचा, बॅटरीची निगेटिव्ह सोडायची, आणि इंजिन गार हवं. गरम सायलेन्सरवर पेट्रोलचा थेंब नको.

पहाटफेरी

इंजेक्टरबरोबर मिसिंग दुसऱ्या सिलिंडरवर गेली! मोड ०६ मध्ये आता दुसरा फुगलेला, तिसरा स्वच्छ.

गॅरेजवाल्याने चारही इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावायला पाठवलेत. त्यातला तो एक फवारा न मारता एका बाजूला धार सोडतो, आणि तेवढ्याच वेळात त्याच्या नळीत बाकी तिघांपेक्षा स्पष्ट कमी पेट्रोल जमतं. मी स्वतः उभी राहून पाहिलं. अल्ट्रासॉनिकमध्ये धुतल्यावर थोडा सुधारला, पण बरोबरीला नाही आला. एकच नवा टाकू की चारही?

पंपवाला

धुतल्यावर बाकी तिघांची मापं एकमेकांशी जुळत असतील तर एकच. पार्ट नंबर तोच हवा, "बसतो" म्हणून दुसऱ्या गाडीचा नको. काही गाड्यांत इंजेक्टर बदलल्यावर त्याच्यावरचा कोड संगणकात भरावा लागतो. पोर्ट इंजेक्शनमध्ये सहसा लागत नाही, तरी विचारून घ्या. बसवल्यावर जुनं शिकलेलं ट्रिम स्कॅनरने पुसायला सांगा.

आणि चारही काढलेच आहेत तर चारहींच्या वरखालच्या रबरी ओरिंग नव्या घालायच्या. जुन्या पुन्हा वापरू देऊ नका. त्या चपट्या झालेल्या असतात, आणि वरची गळली तर पेट्रोल थेट तापल्या इंजिनावर. बसवताना ओरिंगला इंजिन ऑइलचं बोट लावायचं, कोरडी ढकलली की कातरते. बसवून झाल्यावर सेल न मारता चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून रेलमध्ये दाब भरू द्या आणि टॉर्च घेऊन चारही इंजेक्टरचे जोड बघा. कोरडे असतील तरच सेल मारा.

दहाअकरापाना

आणि एअर फिल्टरचा डबा परत लावताना त्याचे क्लिप सगळे लागलेत का बघा ताई. राहिला की महिनाभराने इथे नवीन खडखडीचा धागा येतो.